खोऱ्याखोऱ्यांतून सायकल: मार्ग आखायचा कसा

कागदावर त्या दिवसाचे ६४ किलोमीटर होते. नदीचा मुलूख, म्हणजे सपाट असणार, दुपारी तीनपर्यंत मुक्कामाला पोचू, असा माझा साधा हिशेब. पोचलो तेव्हा दिवे लागले होते. पाय दमले होते, पण चूक पायांची नव्हती. मला वाटत होतं रस्ता नदीच्या बाजूने जातोय. प्रत्यक्षात तो नदीला मिळणाऱ्या पाच ओढ्यांना आडवा जात होता. प्रत्येक ओढ्यात उतरायचं, पूल ओलांडायचा, पलीकडून पुन्हा वर यायचं. संध्याकाळी बेरीज केली तर चढाई ९०० मीटर भरली, आणि त्या दिवसाचं मुक्कामाचं गाव सुरुवातीच्या गावापेक्षा चाळीस मीटर खालीच होतं!

नद्यांच्या प्रदेशात किलोमीटर फारसं काही सांगत नाहीत. तुमचा दिवस ठरतो दोन गोष्टींवर: पाणी कुठे ओलांडता आणि खोऱ्यातून वर कुठे चढता. मार्ग आखताना या दोन प्रश्नांची उत्तरं आधी मिळवायची. बाकीचं त्यामागे येतं.

आधी पाणी, मग रस्ते

रस्त्यांचा नकाशा उघडू नका. उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा घ्या आणि त्यावरच्या फक्त निळ्या रेषा बघा. कागदी असेल तर मुख्य नदीवरून जाड निळं पेन फिरवा, उपनद्यांवरून बारीक. मग दोन नद्यांच्या मधली पाणलोटाची धार, म्हणजे मधला उंचवटा, तपकिरी रंगाने काढा. अर्धा तास लागतो. एवढ्या वेळात तो प्रदेश डोक्यात बसतो तसा पडद्यावर बोटं फिरवून कधीच बसत नाही.

उंचीच्या रेषा वाचताना एक खूण पुरते. रेषा पाण्याचा प्रवाह ओलांडते तिथे तिला टोक येतं, आणि ते टोक नेहमी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, उगमाकडे असतं. धारेवर उलट: टोक उताराकडे. म्हणजे बारीक ओढा नकाशावर निळा दाखवलेला नसला, तरी ओळीने एकाच दिशेला टोचणाऱ्या रेषा दिसल्या की तिथे घळ आहे हे ओळखायचं. तुमचा रस्ता अशा किती टोकांना आडवा जातो ते मोजा. त्या दिवशी मी हेच मोजलं नव्हतं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. सायकलवाल्याने निदान नदीचं मूळ तरी शोधावं. नदी डोंगरातून ताजी उतरत असेल तर तिचं खोरं अरुंद असतं, उतार तीव्र असतो आणि रस्ता बऱ्याचदा काठ सोडून कड्यावर चढतो. तीच नदी शंभर-दोनशे किलोमीटर खाली आली की खोरं रुंदावतं, काठाला शेती येते, रस्ता आडवा पसरतो. एकाच नदीचे हे दोन वेगळे प्रवास आहेत, आणि पहिल्यांदाच निघत असाल तर सुरुवात दुसऱ्यापासून करा.

निळ्या-तपकिरी नकाशावर आता तीन प्रकारचे रस्ते दिसतील. काठाचे रस्ते पाण्याबरोबर चालतात, त्यांना चढ कमी पण वळणं जास्त. धारेचे रस्ते दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावरून जातात. वर चढायला एकदाच दम लागतो, पण नंतर बऱ्यापैकी समतल, शिवाय दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर दृश्य. आडवे रस्ते एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातात आणि तुमची खरी दमछाक हेच करतात. चांगला मार्ग म्हणजे काठ आणि धार भरपूर, आडवे तुकडे मोजके, आणि तेही सकाळी. दुपारी तीननंतर आडवा तुकडा ठेवायचा नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी फक्त एकदाच मोडला.

नकाशावर काठाने चाललेला रस्ता एकाएकी नदी सोडून दूर गेलेला दिसला, तर तिथे थांबा. रस्ता बांधणाऱ्यांना नदीची हौस नसते, त्यांना स्वस्त वाट हवी असते. त्यांनी काठ सोडला म्हणजे पुढे घळ आहे, दलदल आहे किंवा धरण आहे. धरणाचं प्रकरण विशेष लबाड. जलाशय झाला की खोऱ्यातला जुना रस्ता पाण्याखाली जातो आणि नवा रस्ता डोंगराच्या कुशीतून काढतात. तो जलाशयाच्या प्रत्येक फाट्यात आत शिरतो, वळसा घालून बाहेर येतो. नकाशावर निळंशार तळं बघून जीव हरखतो, पण पलीकडच्या काठावर हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या देवळापाशी पोचायला दीड तास लागतो.

वरून खाली की खालून वर?

सगळ्यांचं ठरलेलं उत्तर: नदीबरोबर खाली. उतार मिळतो ना! आता आकडे बघू. डॅन्यूबच्या काठचा पासाउ ते व्हिएन्ना हा युरोपातला बहुधा सगळ्यांत गजबजलेला सायकलमार्ग. अंतर तीनशे किलोमीटरच्या थोडं वर आणि नदी एवढ्या अंतरात उतरते ती सुमारे दीडशे मीटर. किलोमीटरमागे अर्धा मीटर. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०५ किलो धरलं तर या उताराची मदत जेमतेम अर्धा न्यूटन, म्हणजे एका लिंबाच्या वजनाएवढा रेटा. उलट तुम्ही ताशी १६ किलोमीटरने चालला आहात आणि समोरून ताशी १५ चा वारा आला, तर हवेचा विरोध जवळजवळ पावणेचार पट होतो. रुंद खोऱ्यात उताराची मदत वाऱ्यापुढे कुठेच नाही.

म्हणून मोठ्या नदीच्या खालच्या टप्प्यात दिशा वाऱ्याला विचारून ठरवा. फ्रान्समधली ल्वार नदी पश्चिमेला अटलांटिककडे वाहते, पण तिथला नेहमीचा वारा पश्चिमेकडूनच येतो. समुद्रापासून वरच्या अंगाला निघालेल्याच्या पाठीला वारा, आणि मोठ्या खुशीने ‘उताराने’ निघालेल्याच्या तोंडावर. रोन नदीच्या खोऱ्यात याच्या बरोबर उलटं: उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा, जोरकस वारा खोऱ्यात कोंडून दक्षिणेला सुटतो, नदीही दक्षिणेलाच वाहते. तिथे उत्तरेकडे तोंड करून निघणं म्हणजे स्वतःशी वैर.

डोंगरातल्या खोऱ्यांना आणखी एक रोजचा वारा असतो, त्याचं वेळापत्रक पाठ करून ठेवण्यासारखं आहे. ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला खोऱ्याच्या तोंडाकडून वारा आत, उगमाच्या दिशेने शिरतो. भर दुपारी तो सगळ्यांत जोरात असतो. रात्री उलट, गार हवा खोऱ्यातून खाली वाहते. मोकळ्या उन्हाच्या दिवशी खाली जाणार असाल तर पहाटे निघून दुपारपर्यंत आटपा. वर जाणार असाल तर सकाळी निवांत चहा प्या, दुपारचा वारा ढकलेल.

अरुंद, तीव्र उताराच्या वरच्या खोऱ्यांत मात्र उतार खरोखर कामाचा असतो. किलोमीटरमागे दहा-पंधरा मीटरचा फरक असेल तर वाऱ्याचा फार विचार न करता पाण्याबरोबरच चला.

कोणत्या काठाने?

नदीचा डावा-उजवा काठ प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात. तुम्ही उलट्या दिशेने चालला असलात तरी उजवा काठ उजवाच, तो तुमच्या डाव्या हाताला असतो. सोपी गोष्ट आहे, पण वर्णन वाचून मार्ग आखताना निम्म्या लोकांची गफलत इथेच होते.

बहुतेक खोऱ्यांत एका काठावर मोठा रस्ता किंवा रेल्वे असते आणि दुसऱ्या काठावर गावागावांना जोडणारा बारका रस्ता. तुम्हाला बारका हवा. पण तो सलग आहे का, हे बोटाने नकाशावर चालवून बघा. बारक्या काठाचे रस्ते मध्येच शेतात विरतात किंवा कड्यापाशी संपतात, आणि मग प्रश्न येतो पुलाचा.

पूल हे या सगळ्या आखणीतलं सगळ्यांत महत्त्वाचं कलम आहे. मुख्य नदीवरचे पूल रोज एकेक करून नकाशावर गोल करा आणि दोन पुलांमधलं अंतर लिहा. चार-पाच किलोमीटर असेल तर काठ बदलणं हातचा खेळ. वीस-पंचवीस असेल, तर चुकीच्या काठावर राहिल्याची किंमत चाळीस-पन्नास किलोमीटर. शिवाय नकाशावर दिसणारा प्रत्येक पूल तुमचा नसतो. काही फक्त रेल्वेचे, काही द्रुतगती मार्गाचे, सायकलला मज्जाव असलेले. काही लोखंडी झुलते पूल इतके अरुंद की बॅगा उतरवून दोन फेऱ्या कराव्या लागतात.

जिथे पूल नाही तिथे होडीची तर असते. होडीचा उतारा नकाशात तुटक रेषेने दाखवलेला असतो, पण ती होडी किती वाजता बंद होते, कोणत्या महिन्यांत चालते, पाणी चढल्यावर सुटते का, हे नकाशा सांगत नाही. डॅन्यूबवरच श्लोगेनपाशी नदी कठीण खडकात अडखळून जवळजवळ उलटी फिरते. त्या वळणात एका काठाची वाट तुटते आणि सायकलींसाठी ठेवलेल्या छोट्या होड्या लोकांना पलीकडे पोचवतात. असल्या जागी होडी चुकली की दिवसाचं गणित चुकलं. मी एकदा सव्वासहाला तरीवर पोचलो तेव्हा होडी पलीकडच्या काठाला बांधलेली होती, आणि होडीवाला मला हात करून, हसून, घरी चालला होता. फळ्यावर वेळ लिहिली होती: सहा. तेव्हापासून शेवटच्या होडीच्या दोन तास आधी तिथे पोचेन असाच दिवस आखतो.

काठ निवडताना ऊनही बघा. उत्तर गोलार्धात पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या नदीच्या दक्षिण काठावरचा डोंगर उत्तरेकडे तोंड करून असतो. तिथे सावली, ओल, रस्त्यावर शेवाळ, थंडीत बर्फाचा पातळ थर. उन्हाळ्यात त्याच काठाला जीव लावाल.

वळणाचा हिशेब

नदी वळते तेव्हा बाहेरच्या काठाला पाणी जोरात आदळतं आणि काठ कापत जातं, आतल्या काठाला गाळ टाकत जातं. म्हणून बाहेरचा काठ उभा, कड्याचा, आतला उतरता, शेतीचा. रस्ता बाहेरच्या काठाला असेल तर तो खडक फोडून काढलेला, अरुंद, कधी बोगद्यातून जाणारा. आतल्या काठाला असेल तर ऐसपैस, पण लांब.

जर्मनीतलं ट्रियर ते कोब्लेंझ हे मोझेल नदीवरचं अंतर पक्ष्याच्या वाटेने शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि नदी तेच अंतर जवळजवळ दुप्पट करून जाते. अशा नदीवर दर दोन तासांनी मोह होतो: वळणाच्या मानेवरून, म्हणजे मधल्या अरुंद जमिनीवरून, सरळ पलीकडे गेलं तर? काठाने बारा किलोमीटर, मानेवरून अडीच. मोहात पडण्याआधी मानेची उंची बघा. फ्रान्समधल्या लॉट नदीसारख्या नद्या चुनखडीच्या पठारात खोल कापत गेल्या आहेत, तिथे मानेवर चढणं म्हणजे पठारावरच चढणं.

निर्णय असा घ्यायचा. १०५ किलो वजन १०० मीटर वर न्यायला सुमारे १०३ किलोज्यूल काम लागतं. दिवसभर टिकेल अशी साधारण माणसाची ताकद चढासाठी शंभर वॉट धरली तर १०० मीटरला १७ मिनिटं. ताशी १६ च्या वेगाने काठाने साडेनऊ किलोमीटर जास्त जायला लागतात ३५ मिनिटं. म्हणजे मान २०० मीटर उंच असेल तर वेळ जवळपास सारखाच, आणि पाय मात्र वरच्या वाटेने गेलेले. दीडशेच्या खाली असेल तर जा खुशाल. वरून वळण बघायला मिळतं, हे खरं कारण असेल तर मग कितीही उंच असली तरी जा, पण ते कारण स्वतःशी कबूल करून.

आखलेली रेघ तपासायची

आता ही आखणी संगणकावर किंवा फोनवर जीपीएक्स फाइलमध्ये, म्हणजे मार्गाचे बिंदू साठवणाऱ्या फाइलमध्ये, उतरवा. नकाशाचा प्रोग्रॅम लगेच चढाईचा आकडा देईल. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, आणि खोऱ्यात तर अजिबात नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच नकाशांमागे उंचीची जी माहिती असते ती सन २००० मध्ये अंतराळयानातून रडारने घेतलेली आहे. तिचे चौकोन साधारण ३० मीटरचे. एका चौकोनाला एकच उंची. अरुंद घळीत त्या ३० मीटरांत नदी, रस्ता आणि कड्याचा निम्मा भाग सगळंच येतं. मग तुमचा समतल रस्ता कागदावर करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होतो आणि चढाई फुगते. बोगद्यात तर प्रोग्रॅम तुम्हाला डोंगरमाथ्यावरून नेतो, उंच पुलावर नदीत बुडवतो. उलट चूकही होते: लहान लहान चढ-उतार सपाट करून टाकले जातात आणि आकडा कमी दिसतो.

म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवा आणि मार्ग चार-पाच तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकड्याचे सगळ्यांत खालचे आणि सगळ्यांत वरचे बिंदू उंचीच्या रेषांवरून हाताने वाचा. पुलाची उंची, खिंडीची उंची, पुढच्या पुलाची उंची. त्यांच्यातल्या चढांची बेरीज करा. कंटाळवाणं आहे, पण बरोबर येतं.

रस्त्याचा पृष्ठभाग उपग्रहाच्या चित्रावरून बघा. डांबर एकसारखं करडं दिसतं, कच्चा रस्ता मातीच्या रंगाचा, मध्ये गवताची पट्टी असलेला रस्ता म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या. बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली वाट मिळाली तर सोनं समजा. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे तिथे दोन-अडीच टक्क्यांच्या वर चढ क्वचितच लागतो. कालव्याच्या काठची वाटही सपाट, पण तिची स्वतःची खोडी असते. फ्रान्समध्ये तूलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा काना द्यू मिदी हा २४० किलोमीटरचा कालवा १६६६ ते १६८१ या काळात खणला गेला. त्याच्या काठाला झाडं लावलेली आहेत, आणि त्यांच्या मुळ्या वाटेवर अशा वर आल्या आहेत की हाडं खिळखिळी होतात.

एका दिवसाचं गणित

माझं सूत्र सोपं आहे. सामानासह सपाटीवरचा वेग ताशी १६ धरायचा. चढाईच्या दर १०० मीटरला १७ मिनिटं वेगळी जोडायची. आलेल्या वेळात पाव हिस्सा थांबे, फोटो, पंक्चर आणि वाट चुकणं यांचा. सुरुवातीच्या माझ्या दिवसाला हे लावून बघा: ६४ किलोमीटरचे चार तास, ९०० मीटरचे दोन तास तेहतीस मिनिटं, मिळून साडेसहा, त्यात पाव मिळवला की आठ तास दहा मिनिटं. मी धरले होते पाच. सूत्र थोडं जास्तच धरतं, तेच बरं.

उताराने वेळ भरून निघेल अशी आशा ठेवू नका. पाच किलोमीटरचा चढ ताशी ६ ने चढलात तर ५० मिनिटं. तोच पाच किलोमीटरचा उतार ताशी ३० ने उतरलात तर १० मिनिटं. सरासरी निघते ताशी १०. मनात आपण ६ आणि ३० ची सरासरी १८ धरून बसलेलो असतो.

पहिल्या दिवशी या सूत्राच्या पाऊण भागाचाच मार्ग ठेवा. दुसऱ्या दिवशी बूड दुखतं, तिसऱ्या दिवशी गुडघे बोलतात, चौथ्या दिवसापासून शरीर रुळतं. सहा दिवसांच्या पुढची सहल असेल तर एक पूर्ण दिवस बिनसायकलीचा, शक्यतो संगमावरच्या मोठ्या गावात. तिथे सायकलची दुरुस्ती, दवाखाना, बाजार सगळं एकत्र मिळण्याची शक्यता जास्त, कारण खोऱ्यांतले रस्ते संगमापाशीच एकमेकांना भेटतात.

सायकल: गिअर आणि ब्रेक, बाकी नंतर

सायकल महाग हवी असं काही नाही, पण सगळ्यांत हलका गिअर पुरेसा हलका आहे का हे निघण्याआधी तपासा. पुढच्या लहान चाकीचे दाते भागिले मागच्या सगळ्यांत मोठ्या चाकीचे दाते. वेगाच्या सायकलींवर बऱ्याचदा पुढे ३४, मागे ३२ असतात. पायंडलाचा एक फेरा म्हणजे सव्वादोन मीटरच्या थोडं वर. मिनिटाला ६० फेऱ्यांनी वेग ताशी ८ च्या पुढे, आणि १०५ किलो घेऊन ८ टक्क्यांच्या चढावर त्यासाठी २०० वॉटच्या आसपास लागतात. एवढी ताकद अर्धा तास काढणारे थोडे. पुढे २६ आणि मागे ३६ लावले तर एक फेरा दीड मीटरचा, वेग ताशी साडेपाच, ताकद १४० वॉट. ओढ्यामागून ओढा चढायचा असेल तर हा फरक संध्याकाळी गुडघ्यात जाणवतो. गुणोत्तर पाऊणच्या आसपास किंवा खाली हवं.

ब्रेककडे लोक दुर्लक्ष करतात. २०० मीटर उतरताना १०५ किलोंची जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात खोलीच्या तापमानाचं सहाशे मिलिलिटर पाणी उकळीला येईल. थोडी हवेत जाते, बाकी ब्रेकमध्ये. सतत दाबून धरू नका. सरळ भागात सुटा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडा, पुन्हा सोडा. चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, घासणारे ब्रेक असतील तर लांब उतारावर मध्ये एकदा थांबून रिमला पाठमोरं बोट लावून बघा. चटका बसला तर पाच मिनिटं नदी बघत उभं राहायला निमित्त मिळालं. निघण्याआधी ब्रेकच्या पट्ट्या नव्या टाका आणि एक जोडी सोबत ठेवा.

टायर ३५ ते ४५ मिलिमीटरचे. मागच्या चाकाचे स्पोक तपासून घ्या, कारण सामानाचं ओझं मुख्यतः तिथेच येतं आणि तुटतो तो बहुधा मागचा, कॅसेटच्या (दातेरी चाक्यांच्या) बाजूचा. जास्तीचे दोन-तीन स्पोक मापाचे घेऊन चेनखालच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवा. सामान पंधरा किलोंच्या वर जाऊ देऊ नका. जड वस्तू खाली, चाकाच्या आसाजवळ. बॅगा हलता कामा नयेत. बॅग हलते की उतारावर सगळी सायकल शेपटी हलवू लागते.

धुकं, पूर आणि पिण्याचं पाणी

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा खोऱ्यात साचते आणि सकाळी नदीवर धुक्याची गादी असते. वरून बघायला सुंदर, आत सायकल चालवायला धोक्याची. काठाच्या मुक्कामावरून निघताना दिवे पुढे-मागे लावा आणि मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर धुकं विरेपर्यंत थांबा. धुक्याच्या दिवशी धारेवर मात्र लख्ख ऊन असतं. आडवा तुकडा अशा सकाळी ठेवला तर शंभर मीटर चढता चढता ढगातून डोकं बाहेर काढल्यासारखं होतं. खाली पांढरा समुद्र, पलीकडच्या धारा बेटांसारख्या. आडव्या तुकड्याचे सगळे अपराध माफ.

पुराचं वेगळं. नदीकाठच्या सायकलवाटा पुलाखालून जातात तिथे त्या सगळ्यांत खोल असतात, आणि पाणी आधी तिथेच शिरतं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडला नाही म्हणून निश्चिंत राहू नका, तो शंभर किलोमीटर वर उपनदीत पडलेला असतो आणि उद्या तुमच्यापाशी येतो. पाणी गढूळ झालं, त्यावर काटक्या-पाला वाहू लागला की काठाची वाट सोडून वरचा रस्ता धरा. वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी बॅगा लावलेली सायकल त्यात घालू नका, पाण्याला ढकलायला केवढी मोठी बाजू मिळते बघा. वर धरण असेल तर काठावरच्या भोंग्याच्या सूचना वाचून ठेवा आणि पात्रातल्या वाळूवर तंबू कधीही टाकू नका.

नदी दिवसभर शेजारी असते आणि तरीही तहान लागते, ही या सहलींची गंमत. खालच्या टप्प्यातलं नदीचं पाणी शेतांतून, गावांतून आलेलं असतं. ते गाळून-उकळूनही रासायनिक खतं आणि फवारे जात नाहीत. पाणी गावातून भरा. काठाने जाताना दोन बाटल्या पुरतात, धारेवर चढण्याआधी तीन-चार लिटर घ्या, कारण गावं पाण्याजवळ वसतात आणि धारेवर घरं विरळ.

सुटकेच्या वाटा

शेवटचं काम, आणि हे घरीच करायचं. रोजच्या मार्गावर दोन जागा अशा निवडा जिथून सायकल चालवणं सोडून देता येईल: रेल्वे स्थानक, बसचा थांबा, मोठ्या रस्त्याचा फाटा. खोऱ्याचा एक फायदा म्हणजे रेल्वे आणि मोठा रस्ता दोन्ही बहुधा त्याच नदीला धरून असतात, फक्त पलीकडच्या काठावर. म्हणून सुटकेची जागा लिहिताना तिच्याजवळचा पूलही लिहा. गाडीत सायकल घेतात का, आधी जागा राखावी लागते का, हेही आत्ताच विचारून ठेवा.

हे सगळं मी एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहितो. वरून खाली उभी रेघ म्हणजे नदी. रेघेवर आडव्या काट्या म्हणजे पूल, त्यांच्यापुढे किलोमीटर आणि उंची. डाव्या-उजव्या बाजूला पाणी, दुकान, होडीची शेवटची वेळ, सुटकेची जागा. दिवसाला एक कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँडलबारला. फोनची बॅटरी संपते, धुक्यात पडदा दिसत नाही, पावसात बोट चालत नाही. कागदावर फक्त बघायचं असतं, पुढचा पूल किती लांब.